‘गॅस संपलाय’ म्हणाला? आधी विचारा, गेला कुठं!

या वेळी सगळा फ्रीजच. पाऊस सुरू झाल्यापासून आलेल्या प्रश्नांत फ्रीजचेच जास्त, आणि बहुतेकांना मेकॅनिकनं दोनच उत्तरं दिलेली दिसतात, गॅस गेला नाहीतर कॉम्प्रेसर गेला. दोन्ही सगळ्यात महागाची कामं, आणि त्याच्याआधी बघायच्या स्वस्तातल्या गोष्टी कुणी बघितलेल्याच नसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. एक आधीच सांगून ठेवतो, खाली जिथं जिथं कव्हर खोलायला सांगितलंय तिथं प्लग सॉकेटमधून बाहेर काढूनच हात घालायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आपल्याकडच्या जुन्या घरांत कधीकधी स्विच न्यूट्रलवर जोडलेले असतात, मग बटण बंद तरी आत करंट असतोच.

प्रश्न : आमचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे, सात वर्षं झाली असतील. वर फ्रीजरमध्ये बर्फ होतो पण खाली दूध नासतं, भाजी मऊ पडते. मेकॅनिक आला, मागं हात लावून बघितलं आणि गॅस संपलाय म्हणाला, साडेतीन हजार सांगतोय. भरू का? — एक वाचक, फोंडा

अजिबात भरू नका, निदान आत्ता तरी. गॅस कमी झाला असता तर पहिला फटका वर फ्रीजरला बसला असता, आईस्क्रीम मऊ झालं असतं, बर्फाच्या ट्रेत पाणी राहिलं असतं. तुमचं वर सगळं ठीक आहे म्हणजे थंडावा तयार होतोय, फक्त खाली पोचत नाहीये.

या फ्रीजमध्ये थंड करणारी कॉइल एकच असते, फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनलमागं. तिथं एक छोटा पंखा असतो, तो थंड हवा डक्टमधून खाली ढकलतो. कॉइलवर हवेतल्या ओलाव्याचं हिव साठत राहतं आणि दर काही तासांनी कॉइलखालचा हीटर चालू होऊन ते वितळवतो, पाणी नळीतून मागं खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेत जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं तिथंच वाळतं. हा हीटर चालला नाही की हिवाचा घट्ट बर्फ होतो, कॉइलच्या फटी बुजतात, हवा जायला वाटच राहत नाही. वर कॉइल शेजारीच असल्यामुळं फ्रीजर गार राहतो आणि खालचं मरतं. कधीकधी पंखा बर्फाला घासून खर्र खर्र आवाजपण येतो, तसा येत असेल तर शंकाच नको.

खात्री करायची तर सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाकून पूर्ण एक दिवस ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा कारण पाणी भरपूर येतं. मग चालू करा. आठवडा दहा दिवस मस्त चाललं आणि परत तसंच झालं तर फॉल्ट डीफ्रॉस्टमध्येच, म्हणजे हिव वितळवण्याच्या यंत्रणेतच आहे, गॅसचा काही संबंध नाही. आणि चालू केल्यावर पहिल्याच दिवशी खाली गार झालं नाही तर पंखा बघा. फ्रीजरच्या दाराचा स्विच बोटानं दाबून धरला की पंखा फिरला पाहिजे, बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडलं की तो मुद्दाम बंद होतो, आणि तो स्विचच खराब झाला तर पंखा कायमचाच बंद.

आता डीफ्रॉस्टचे पार्ट. चार आहेत आणि मल्टीमीटर असेल तर चारही घरी तपासता येतात. हीटर आधी, वायरी सुट्या करून ओहम बघायचे. १५० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर असेल तर साधारण ३५० ओहम, २०० वॅटचा असेल तर २६५ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली.

दुसरा बायमेटल, म्हणजे कॉइलच्या पाईपवर क्लिपनं बसवलेली दोन वायरींची गोल टिकली. इथं फार लोक फसतात, मेकॅनिकसुद्धा. ही टिकली शून्याच्या बऱ्याच खाली गेल्यावरच जोडली जाते, बाहेर काढून आपल्या तीस डिग्रीच्या हवेत मीटर लावला तर ती ओपनच, म्हणजे तुटलेलीच दाखवणार, तशीच बनवलीय ती. मग ‘बघा, गेली’ म्हणून नवीन बसवतात. बरोबर तपासायची तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ आणि जाडं मीठ एकत्र करून त्यात दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवा, नुसत्या बर्फानं पुरेशी गार होत नाही, आणि तशीच आत असताना मीटर लावा. जोडली गेली तर चांगली आहे. टिकलीचं टोपण फुगलेलं असेल तर मात्र तपासत बसू नका, आत पाणी गेलेलं असतं, बदला.

तिसरा थर्मल फ्यूज. हा गरम असो गार असो, कायम जोडलेलाच दिसला पाहिजे. उडाला असेल तर नवीन घाला पण कृपा करून डायरेक्ट करू नका. मी उघडलेल्या कितीतरी फ्रीजमध्ये तिथं नुसती वायर पिळून टेप मारलेली असते. हीटर चालूच राहिला तर आजूबाजूचं प्लास्टिक वितळून आग लागू नये म्हणून तो फ्यूज आहे, दुसरं काही त्याला राखायला नाही. आणि फ्यूज उडाला म्हणजे बायमेटल चिकटलं असण्याची शक्यता मोठी, म्हणून दोन्ही एकदमच बदललेले बरे.

चौथा टायमर, जुन्या मॉडेलला. त्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून टक् होईपर्यंत हळू फिरवायचं, कॉम्प्रेसर बंद होऊन हीटरची पाळी येते. हातानं फिरवल्यावर चालतं पण आपणहून कधी पुढं सरकत नाही, तर टायमरची मोटर गेली. नव्या फ्रीजमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि बोर्ड. सेन्सर गार केला की ओहम वाढले पाहिजेत, बर्फाच्या पाण्यात घातला तरी आकडा हलत नसेल तर तो गेला. बोर्ड सोडला तर यातला कुठलाही पार्ट शेकड्यांत येतो, हजारांत नाही. तुमच्या मेकॅनिकला विचारा यातलं काय काय बघितलंस म्हणून. हात लावून गॅस कळत नाही हो.

प्रश्न : सिंगल डोअर जुना फ्रीज. आतला बल्ब लागतो पण थंड होत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी मागून टक् आवाज येतो, थोडं गुरगुरतं आणि परत टक्. कॉम्प्रेसर हाताला गरम लागतो. नवीन कॉम्प्रेसर घालायला सांगितलाय. — एक वाचक, म्हापसा

हा आवाज ओव्हरलोडचा, म्हणजे करंट जास्त झाला की लाईन तोडणाऱ्या पार्टचा. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, जमत नाही, करंट जास्त खेचतो, ओव्हरलोड तोडतो, गार झाला की परत जोडतो, परत तेच. कॉम्प्रेसर जाम झाल्यावरही असंच होतं हे खरं, पण त्याच्याआधी रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा पार्ट बघा. कॉम्प्रेसरच्या बाजूला एक छोटं प्लास्टिकचं कव्हर असतं, आत पिनांवर दाबून बसवलेला रिले, तो सरळ बाहेर ओढायचा. कानाजवळ धरून हलवा, आत खडखड वाजलं तर आतली सिरॅमिकची चकती फुटलीय. जळका वास, काळा पडलेला पिनचा भोक, हेपण तेच सांगतं.

मग कॉम्प्रेसरच्या तीन पिना मीटरनं बघा. तीन जोड्यांची तीन रीडिंग येतील, त्यातल्या दोन लहानांची बेरीज तिसऱ्या मोठ्याएवढी आली पाहिजे. तशी आली, आणि कुठल्याही पिनेतून बॉडीला काहीच दाखवत नसेल, तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी ठीक आहे. मग रिले-ओव्हरलोड बदलून बघायचा, त्यात फार पैसे जात नाहीत. जुना पार्ट खिशात घालून शुक्रवारच्या बाजाराला गेलात की दुकानात दाखवा, वरचा नंबर जुळवूनच घ्या. ‘हा पण चालतो’ वाला ओव्हरलोड घेऊ नका, तो कॉम्प्रेसरच्या करंटप्रमाणे असतो, मोठा बसवला तर वेळेवर तोडणारच नाही आणि मग खरंच कॉम्प्रेसर जाईल.

अजून एक बघा, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे लागल्यावर तुमच्याकडं व्होल्टेज किती असतं? फ्रीज सुरू होण्याच्या क्षणी १७०-१८० वर घसरत असेल तर नवीन कॉम्प्रेसरपण असाच टक् टक् करेल. आणि लाईट जाऊन लगेच आली की हे हमखास होतं, कारण रिलेची चकती अजून गरम असते आणि आतलं प्रेशरपण केसासारख्या बारीक कॅपिलरीतून दोन्ही बाजूंना समान व्हायला पाच मिनिटं तरी लागतात. जुन्या फ्रीजला टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर त्यासाठीच लावायचा.

प्रश्न : आमचं घर किनाऱ्यापासून अगदी जवळ. दर वर्षी चवथीच्या आधी फ्रीज थंड करायचा बंद होतो, दर वर्षी गॅस भरून घेतो, वर्षभर चालतो. मेकॅनिक म्हणतो गोव्यात असंच असतं. खरं का? — एक वाचक, मोरजी

गोव्यात असंच असतं यातलं अर्धं खरं आहे. खाऱ्या हवेनं पाईप लवकर खातो हे खरं, तांबं आणि अल्युमिनियम जिथं जोडलंय तिथं तर फारच. पण गॅस हे काही पेट्रोल नाही जळून संपायला, बंद पाईपात तोच तो फिरत असतो, फ्रीज वीस वर्षं चालला तरी तेवढाच राहतो. कमी झाला म्हणजे भोक आहे, आणि भोक न शोधता भरला म्हणजे पुढच्या चवथीचं गिऱ्हाईक पक्कं करून ठेवलं.

नीट काम कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. आधी नायट्रोजन दाबून भरतात आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावतात, बुडबुडा येतो तिथं भोक. तुमच्याकडं मी पहिल्यांदा तीन जागा बघेन, फिल्टरजवळचे (गॅसमधला ओलावा शोषणारा, त्यालाच फिल्टर ड्रायर म्हणतात) जोड, कॉम्प्रेसरवरच्या पाण्याच्या ट्रेला टेकलेला पाईप, आणि मागच्या काळ्या जाळीवर रंग उडून गंज धरलाय ती जागा. भोक बुजवलं की फिल्टर ड्रायर नवीन घालायचा, सिस्टम उघडली की दर वेळी घालायचा, जुना तसाच ठेवायचा नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून नीट व्हॅक्यूम काढायचा. जुन्या कॉम्प्रेसरनंच हवा बाहेर काढतात काही जण, ते व्हॅक्यूम नव्हे. आणि शेवटी गॅस डिजिटल काट्यावर मोजून, कॉम्प्रेसरच्या किंवा फ्रीजच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो तेवढाच.

तो स्टिकर जरूर वाचा. पूर्वी आर-१२ असायचा, ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद झाला, मग आर-१३४ए आला, आणि आता बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. हा आयसोब्युटेन, म्हणजे घरच्या सिलिंडरातल्या गॅसचा भाऊच, पेट घेणारा. स्टिकरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाला दिसते. मोजून भरला तर धोका नाही, असतोच साधारण ३० ते ७० ग्रॅम. पण सिस्टममध्ये गॅस असताना कुणी जोड झाळायचा ज्वालेचा टॉर्च पेटवला तर मात्र भडका. गॅस आधी मोकळ्या हवेत सोडून, आत नायट्रोजन मारून, खिडक्या उघडून, मगच पुढचं, आणि शक्यतो ज्वाला न लावता दाबून बसवायचे जोड वापरायचे. देवघरात समई पेटलेली असते त्या वेळी स्वयंपाकघरात हे काम नको.

या गॅसची अजून एक खोड, थंड बाजूला त्याचं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतं. त्यामुळं तिथं भोक पडलं तर गॅस बाहेर यायच्या आधी पावसाळी दमट हवाच आत शोषली जाते, आणि ते पाणी कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून वाट बंद करतं. फ्रीज थोडा वेळ गार, मग बंद, बंद करून तासाभरानं लावला की परत गार, असं होत असेल तर हेच. त्यात वर गॅस भरला तर काहीही फरक पडत नाही.

भोक फोममध्ये, म्हणजे भिंतीच्या आत असेल तर दोन प्रकार. दाराच्या चौकटीतून फिरणारी गरम नळी फुटली असेल तर ती बाद करून मागं वेगळी जाळी लावून चांगला मेकॅनिक फ्रीज चालवून देतो, फक्त पावसात चौकटीला घाम येईल. आतली थंड कॉइलच फुटली असेल आणि फ्रीज जुना असेल तर माझ्या मते पैसे घालू नका. बाकी तुमच्यासाठी एवढंच, महिन्यातून एकदा प्लग काढून मागची जाळी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा, आणि समुद्राकडच्या खिडकीसमोर फ्रीज ठेवू नका.

प्रश्न : भाजीच्या ट्रेखाली रोज पाणी साचतं. शिवाय पावसात फ्रीज बाहेरून घामाघूम. गॅस गळतोय का? — एक वाचक, वाळपई

गॅस पाण्यासारखा गळत नाही, ते डोक्यातून काढा. आत मागच्या भिंतीच्या तळाशी छोटं भोक असतं, ते कोथिंबिरीच्या काडीनं किंवा शेवाळानं बुजलंय. मोठ्या सिरिंजनं कोमट पाणी जोरात मारा, मागच्या ट्रेत पाणी पडलेलं दिसेपर्यंत. तार घालू नका. फ्रॉस्ट फ्री असेल तर भोक वर फ्रीजरच्या पॅनलमागं असतं, तिथं बर्फ अडकलेला असतो.

बाहेरच्या घामाचं म्हणाल तर वाळपईच्या पावसात तो थोडा येणारच. फक्त दाराच्या कडेनंच येत असेल तर गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर बघा. नोट दारात अडकवून ओढायची, सहज निघून आली तर तिथं फट आहे. गॅस्केट साबणाच्या पाण्यानं घड्यांसकट धुवा, काळी बुरशी जाऊ द्या, वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरनं गरम करून हातानं सरळ करा. नाहीच बसलं तर मॉडेल नंबर सांगून नवीन.

प्रश्न : मासेमारी बंद व्हायच्या आधी सुंगटं, इसवण भरून ठेवली होती. बर्फात पिशवी अडकली म्हणून सुरीनं थोडं टोचलं तर सूं असा आवाज आला. आता थंडच होत नाही. — एक वाचक, कुंकळ्ळी

कॉइल फुटली. त्या फ्रीजरची भिंत म्हणजेच अल्युमिनियमची पातळ कॉइल असते आणि गॅस आतूनच फिरतो. आधी फ्रीज बंद करा, खिडकी उघडा, आसपास शेगडी लावू नका. चालू ठेवलात तर आत हवा-पाणी ओढलं जाऊन कॉम्प्रेसरपण जाईल. लहान भोक असेल तर बुजवता येतं पण टिकायची खात्री कमी, कॉइल मिळत असेल तर बदललेली बरी. जून-जुलैचे दोन महिने काढायला साठवण लागतेच, कबूल, पण बर्फ बोटाएवढा जाड झाला की थर्मोस्टॅटमधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा, किंवा बंद करून आत गरम पाण्याचं भांडं ठेवा. आणि नुस्तं, म्हणजे ते मासे, शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये पोचवा, लगेच.

प्रश्न : फ्रीजच्या हँडलला हात लावला की मुंग्या येतात, पावसात जास्त. चप्पल घालून उघडलं तर काही होत नाही. — एक वाचक, सांगे

चप्पल घालून उघडणं हा उपाय नाही. आजच प्लग काढा, वाचून झाल्यावर नाही, आधी. मुलं अनवाणी, ओल्या हातानं फ्रीज उघडतात. यात दोन दोष एकाच वेळी असतात, आत कुठंतरी गळती आणि घराचं अर्थिंग मेलेलं. दोन पिनांचा अडॅप्टर लावलाय का, तिसरी जाडी पिन कापलीय का, सॉकेटमागं हिरवी वायर खरंच कुठं जोडलीय का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, आणि बोर्डवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच बसवा. फ्रीजमध्ये डीफ्रॉस्ट हीटर, कॉम्प्रेसर आणि उंदरानं कुरतडलेल्या वायरी, या क्रमानं मेगरनं, म्हणजे गळती शोधायच्या मीटरनं तपासायचं. मुंग्याच तर येतात म्हणून सोडू नका.

प्रश्न : इन्व्हर्टर फ्रीज, वीज कडाडली त्या रात्रीपासून बंद. बोर्ड गेला म्हणतात, बोर्डाची किंमत ऐकून घाम फुटला. दुसरा एक जण म्हणाला कॉम्प्रेसरला डायरेक्ट लाईन देऊन बघू. — एक वाचक, डिचोली

त्या दुसऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला तिन्ही पिनांवर बोर्डाकडून बनवलेला करंट लागतो, डायरेक्ट २३० दिलं तर कॉम्प्रेसरपण गेला. त्याच्या तीन पिनांची रीडिंग साध्या कॉम्प्रेसरसारखी लहान-मोठी नसतात, तिन्ही जोड्या जवळजवळ सारख्या आल्या पाहिजेत. तशा असतील तर कॉम्प्रेसर वाचलाय.

बोर्ड सरसकट बदलायच्या आधी रिपेअर करणाऱ्याकडं न्या. वीज पडल्यावर बहुतेक वेळा पुढचा फ्यूज आणि त्याच्याशेजारची व्होल्टेजचा झटका अंगावर घेणारी गोल चपटी एमओव्ही उडते, ती तिथं बळी जायलाच ठेवलेली असते, दोन्ही बदलून बोर्ड चालू झाल्याची उदाहरणं भरपूर. पाल किंवा मुंग्या शिरून शॉर्ट झालेलेपण बघितलेत. प्लग काढल्यावरही बोर्डवरच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज उरतो, तेव्हा स्वतः हात घालू नका. बोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर किती वेळा ते मोजून व्हिडिओ काढून ठेवा, त्यावरून फॉल्ट कळतो. नवीनच बोर्ड घालायची वेळ आली तर जुना परत मागून घ्या.